चार माणसं झाली की निघू: तामान नेगाराच्या जंगलातली एक रात्र

“मिनिमम फोर पॅक्स” असा मलेशियातल्या एका सहल-एजंटाचा मेसेज मला फेब्रुवारीत पहिल्यांदा आला. ‘पॅक्स’ म्हणजे काय ते मी भाचीला विचारलं. “अगं मावशी, माणसं! चार माणसं झाली तरच ते जंगलात नेणार.” आम्ही दोघीच होतो. पुढचे चार महिने मला वाघाची भीती वाटली नाही, सापाची वाटली नाही. उरलेली दोन माणसं कुठून आणायची, एवढ्या एकाच गोष्टीचा घोर होता.

मी ४८ वर्षांची, नोकरी खुर्चीत बसून करायची, उजवा गुडघा कुरकुरणारा. भाची वीस वर्षांची, वनस्पतिशास्त्राच्या दुसऱ्या वर्षाला. तिला विषुववृत्ताजवळचं खरं सदाहरित जंगल बघायचं होतं, आणि तिच्या आईने अट घातली होती, “मावशी येत असेल तरच.” आम्ही जाऊन आलो ते जून २०२५ मध्ये. जायच्या आधी मी शोध शोध शोधलं, पण मराठीत सलग असं काही सापडलं नाही. म्हणून सगळं क्रमाने लिहिते आहे.

जागा ठरवायला वेळ लागला नाही. बोर्निओ खिशाला परवडणारं नव्हतं. मलेशियाच्या मुख्य भूमीवर तामान नेगारा आहे, आणि डिसेंबर २०२३ पासून भारतीयांना तीस दिवसांपर्यंत मलेशियाचा व्हिसा लागत नाही. ‘तामान नेगारा’ हे खरं तर नावच नाही, त्याचा अर्थच ‘राष्ट्रीय उद्यान’. इंग्रजांच्या काळात, १९३८-३९ मध्ये, ते पंचम जॉर्जच्या नावाने सुरू झालं. देश स्वतंत्र झाल्यावर राजा गेला आणि उद्यान राहिलं. पाहांग, केलांतान आणि तेरेंगानू या तीन राज्यांत मिळून ४,३४३ चौरस किलोमीटर पसरलंय. जंगल तेरा कोटी वर्षं जुनं असल्याचं तिथल्या टी-शर्टांवरही छापलेलं असतं.

आत रात्र काढायचे पर्याय वेगवेगळे आहेत. ‘बुंबुन’ म्हणजे जनावरं बघायला बांधलेली मचाणासारखी लाकडी खोली, तिथे झोपता येतं. गुनुंग ताहान हा २,१८७ मीटरचा डोंगर करायचा तर आठवडाभराची मोहीम, तो आमच्या आवाक्यातला नव्हता. आम्ही मधला मार्ग निवडला: होडीने नदीवर वर जायचं, जंगलातून चालत एका चुनखडीच्या गुहेत मुक्काम करायचा आणि दुसऱ्या दिवशी चालत दुसऱ्या घाटावर उतरून परत होडीने यायचं. गुहेचं नाव गुआ केपायांग बसार. ‘गुआ’ म्हणजे गुहा! संस्कृतातून तिकडे गेलेला शब्द आहे. ‘नेगारा’ हे आपलं नगर आणि ‘गाजाह’ म्हणजे हत्ती, आपला गज. नकाशा वाचताना अर्धी भीती इथेच गेली.

आता कागदपत्रं. माझा पासपोर्ट होता, भाचीचा नव्हता. २० जानेवारीला अर्ज भरला, फी १५०० रुपये, पासपोर्ट सेवा केंद्रातली तारीख मिळाली ३ फेब्रुवारीची. आधारकार्डावर तिचं मधलं नाव होतं आणि दहावीच्या प्रमाणपत्रावर त्याचं स्पेलिंग वेगळं, त्यामुळे एक हेलपाटा वाढला. पोलीस पडताळणीसाठी फोन आला तेव्हा ती प्रॅक्टिकलला होती, मग आणखी चार दिवस. पासपोर्ट हातात पडला १ मार्चला. तुमच्याकडे आधीचा असेल तर तो प्रवासाच्या तारखेपासून किमान सहा महिने चालणारा हवा. माझा नोव्हेंबरात संपत होता, म्हणजे जूनच्या सहलीला पाचच महिने उरत होते. हे माझ्या लक्षात आलं एप्रिलमध्ये! भाचीला महिनाभर ‘कागद तपास, कागद तपास’ म्हणून पिडणारी मी, आणि नूतनीकरणासाठी धावपळ झाली ती माझीच.

मलेशियाचं आगमन कार्ड आता ऑनलाइन भरावं लागतं, ‘एमडॅक’ म्हणतात त्याला. पोचण्याच्या आधी तीन दिवसांच्या आतच ते भरता येतं. ते फुकट आहे. शोधलं की पहिल्याच फटक्यात पैसे मागणारी, हुबेहूब सरकारी दिसणारी पानं समोर येतात. मी एका पानावर कार्डचा नंबर टाकण्यापर्यंत पोचले होते. पैसे मागितले की समजायचं, पान चुकलंय.

विमानाची तिकिटं मार्चअखेर काढली, मुंबई ते क्वालालंपूर जाऊन-येऊन माणशी २४,३०० रुपये. प्रवासविमा घेतला. डॉक्टरांनी धनुर्वाताचं इंजेक्शन दिलं आणि गुडघ्यासाठी पट्टा. जंगलाच्या सहलीसाठी तिथल्या एका एजंटाकडे ऑनलाइन नाव नोंदवलं, २० जून ही तारीख ठरली आणि निम्मे पैसे आगाऊ दिले. त्याने लिहिलं, “आणखी दोघं आहेत, काळजी नको.” हा भाग लक्षात ठेवा, पुढे येणार आहे.

तयारी म्हणून दर रविवारी सिंहगड. पाठीवर आठ किलो, त्यातले पाच किलो तांदूळ. पण पुण्याच्या कोरड्या हवेत गड चढून तिथल्या दमटपणाची सवय होत नाही. ती झाली मे महिन्यात चिपळूणला, माहेरी. भर दुपारी, भावजय डोक्याला हात लावत असताना, आम्ही दोघी पाठीवर पिशव्या घेऊन परशुरामाचा डोंगर चढायचो. घामाने सदरा पिळून काढावा लागला की तयारी बरोबर चालली आहे असं समजायचं.

बाबांचा सल्ला होता जळवांबद्दल. “मोजे तंबाखूच्या पाण्यात भिजवून वाळव, एक चिकटणार नाही.” कोकणातला जुना उपाय आहे, पण परदेशाच्या विमानात तंबाखूची पुडी न्यायचा मला धीर झाला नाही. मीठ घेऊन जाऊ म्हटलं, तर भाची म्हणाली, “छान, पांढरी पूड पिशवीत बांधून ने.” शेवटी मीठ तिथेच घेतलं आणि जुन्या ओढणीच्या तुकड्यात पुरचुंडी बांधली. तिकडे ‘लीच सॉक्स’ म्हणून गुडघ्यापर्यंतचे कापडी मोजे मिळतात, ते मात्र इथूनच मागवले. पैसे वसूल झाले.

१७ जूनला मंगळवारी रात्री मुंबईहून निघालो, पाच तासांत क्वालालंपूर. घड्याळ अडीच तास पुढे. तिथून बसने जेरांतुत, साडेतीन तास. जेरांतुत हे जंगलाआधीचं शेवटचं मोठं गाव. पैसे इथेच काढून घ्या. औषधं, मीठ, बॅटरी, काय राहिलं असेल ते इथेच. एका दुकानाबाहेर काळे रबरी बूट टांगलेले होते, तळाला फुटबॉलच्या बुटांसारखे गोळे, किंमत १२ रिंगिट. रिंगिट तेव्हा साधारण वीस रुपयांना होता. भाची म्हणाली, “मावशी, घे ना, मजेशीर आहेत.” मी माझ्या पायातल्या साडेसहा हजारांच्या ट्रेकिंगच्या बुटांकडे बघितलं आणि पुढे चालू लागले. हेही लक्षात ठेवा.

१९ तारखेला व्हॅनने दीड तासात कुआला ताहानला पोचलो. ‘कुआला’ म्हणजे नदीचं मुख, संगम. इथे ताहान नदी तेंबेलिंगला मिळते. गाव अलीकडे, जंगल पलीकडे आणि मध्ये चहाच्या रंगाची नदी. तरंगत्या तराफ्यांवर खानावळी आहेत. पलीकडे जायला छोट्या होड्या सारख्या ये-जा करतात, त्यासाठी सुटे रिंगिट हाताशी ठेवावेत. समोर हिरवी भिंत आहे, नदीच्या काठापासून थेट आभाळापर्यंत. संध्याकाळी सातच्या सुमाराला त्या भिंतीतून कुणीतरी करवत चालवल्यासारखा आवाज सुरू झाला. भाची म्हणाली, सिकाडा. आपल्याकडची रातकिड्यांची किरकिर यापुढे कुजबुज वाटेल.

एजंटाच्या टपरीवर गेलो. उरलेल्या दोघांनी नाव काढून घेतलं होतं. आता एक तर आम्ही दोघींनी चौघांचे पैसे भरायचे, नाही तर एका दिवसाची सहल घ्यायची. आगाऊ पैसे परत? “नो रिफंड.” मी बरीच वर्षं कागदांशी वाद घालण्याच्या नोकरीत आहे. फेब्रुवारीपासूनचे सगळे मेसेज छापून आणले होते, ते समोर ठेवले. त्याच्या ‘काळजी नको’वर हिरव्या पेनने खूण केली होती. तासाभराने तडजोड झाली: पैसे परत नाहीत, पण दोन दिवसांत आणखी दोघं मिळाली तर तेच पैसे चालतील. मी २४ तारखेचं परतीचं तिकीट काढलं होतं ते हाच संशय धरून, त्यामुळे हातात दिवस होते. तुम्हीही दोन मोकळे दिवस ठेवाच. आणि माझं ऐकाल तर आधी पैसे भरूच नका. गावात अशा अनेक टपऱ्या आहेत. तिथे पोचायचं आणि ज्याच्याकडे गट जमलाय त्याच्याबरोबर निघायचं.

२० तारीख वाट बघण्यात गेली. मी खानावळीत बसून येणाऱ्या प्रत्येक व्हॅनमधून कोण उतरतं ते मोजत होते, लग्नात वऱ्हाड मोजतात तशी. एक फ्रेंच जोडपं आलं, त्यांना नुसता होडीतून फेरफटका हवा होता. चार चिनी मुलींचा स्वतःचा गट होता. साडेपाचला एक गृहस्थ आले, साठीपुढचे, बरोबर पंचविशीतला मुलगा. इपोह शहरातले तमिळ शिक्षक, निवृत्त झालेले. भाचीने सरळ जाऊन विचारलं, “अंकल, केव्ह?” ते म्हणाले, “केव्ह!” झाली चार माणसं. माणशी ३०० रिंगिट ठरले, त्यात होडी, परवाना, गाईड, जेवण, अंथरूण, सगळं.

२१ जून, शनिवार. आठ वाजता गाईड आला. तिशीतला, बारीक, पायात तेच १२ रिंगिटवाले काळे रबरी बूट. भाचीने विचारलं तर म्हणाला, “आदिदास कांपुंग.” कांपुंग म्हणजे खेडं, म्हणजे गावठी आदिदास! सगळा देश यांना याच नावाने ओळखतो म्हणे. त्याला ‘अबांग’ म्हणायचं, अबांग म्हणजे दादा. मला तो ‘काक’ म्हणू लागला. काकाक म्हणजे ताई, त्याचं लघुरूप. दोन दिवस भाची मला कावळा दिसला की नमस्कार करायला सांगत होती.

नदीपलीकडे उद्यानाच्या कचेरीत नावं, पासपोर्टचे नंबर, कुठून आत आणि कुठून बाहेर हे लिहून झालं. पासपोर्टची झेरॉक्स बरोबर ठेवा, मूळ प्रत खोलीवर राहू द्या. अबांगने आमच्या पिशव्या उघडायला लावल्या आणि प्लास्टिकची प्रत्येक वस्तू कागदावर उतरवली. बाटल्या चार, पिशव्या नऊ, मेतकुटाचं पाकीट एक. “परत येताना हेच मोजणार,” म्हणाला. मेतकूट काय आहे ते त्याला समजावायला मात्र पाच मिनिटं गेली.

लांब निमुळती होडी, एकामागे एक बसायचं, अंगात लाइफ जॅकेट. दोन तास प्रवाहाच्या उलट कुआला केनियामपर्यंत. दोन्ही काठांवरची नेरामची झाडं नदीवर इतकी ओणवलेली की पाण्यावर हिरवा मांडव झालाय. वाटेत बातेक लोकांच्या वस्तीवर होडी थांबते. बातेक म्हणजे तिथले मूळनिवासी, शिकार आणि कंदमुळांवर जगत आलेले. तिथे पाहुण्यांना आग पेटवून आणि फुंकनळीने बाण मारून दाखवतात. मला ते नको वाटलं. कुणाच्या तरी अंगणात उभं राहून त्यांच्या पोरांचे फोटो काढणारे आपण कोण? मी होडीजवळच बसले. भाची गेली ती झाडासाठी. बाणाला लावायचं विष इपोह नावाच्या झाडाच्या चिकातून काढतात. ती परत आली ती ओरडतच, “मावशी, हा आपला चांदकुडा आहे!” तीच जात, आपल्या सह्याद्रीतही आहे. आपल्याकडे तिच्या अंतर्सालीच्या पिशव्या करत, यांच्याकडे बाणाचं विष. शिक्षक अंकल हसून म्हणाले, “आणि आमच्या शहराचं नावही त्याच झाडावरून.”

साडेअकराला चालायला सुरुवात केली. वाट फार चढाची नाही, सात-आठ किलोमीटरची. पण सिंहगडाचे सात किलोमीटर वेगळे आणि हे वेगळे. जमीन दिसतच नाही, मुळंच मुळं. आडवी पडलेली खोडं, काहींच्या वरून जायचं, काहींच्या खालून रांगत. ओढे तर किती ओलांडले ते मोजणं सोडून दिलं. वेताच्या लांब शेपट्यांना उलटे आकडे असतात, त्या बाहीत अडकल्या की पुढे ओढायचं नाही, एक पाऊल मागे यायचं आणि मग सोडवायचं. मी दोनदा ओढलं, सदरा फाटला. वारा अजिबात नाही. पाऊण तासात मी कोरडी कुठेच नव्हते. माणशी तीन लिटर पाणी घेतलं होतं. ते जड वाटलं तरी कमी करू नका. मीठ-साखरेची पाकिटं हवीतच.

जळवा कोरड्या पानांवर उभ्या राहून डोलत असतात, आपला वास काढत. वीत-वीत मोजल्यासारख्या चालत येतात. चावल्याचं कळत नाही, रक्त थांबत नाही तेव्हा कळतं. ओढून काढू नका. नखाने बाजूने सरकवा किंवा मीठ लावा. पहिलीला भाची किंचाळली, पाचवीला तिने माझ्या मानेवरची गप्पा न थांबवता काढली.

दिसलं काय, हे सगळे विचारतात. ताडोबाला जाऊन आलेल्या माणसाला ‘साइटिंग’ची सवय असते. जिप्सीत बसा, वाघ दाखवा, चला. इथे वीस फुटांपलीकडे काही दिसत नाही. हत्तीचं शेण दिसलं, ताजं. हत्तीच्या पावलांचे खड्डे पावसाच्या पाण्याने भरले होते आणि त्यांत बेडकांची पिल्लं पोहत होती. टपीरचे, म्हणजे आखूड सोंडेच्या, डुकरासारख्या दिसणाऱ्या जनावराचे, तीन बोटांचे ठसे अबांगने दाखवले. धनेश दिसला नाही, पण डोक्यावरून पंखांचा आवाज गेला, जुन्या वाफेच्या इंजिनासारखा. दूर कुणीतरी ‘कुआऊ, कुआऊ’ करत होतं. अबांग थांबून म्हणाला, मोठ्या पिसाऱ्याचा तो एक रानकोंबड्याचा भाऊबंद आहे, बारा वर्षांत मी दोनदाच बघितलाय, ऐकतो रोज. मी त्यानंतर बघायचा हट्ट सोडला आणि वाटेत थांबून ऐकायला लागले. गुडघ्यालाही तेवढाच आराम.

साडेचारला गुहा आली. मी भोक असेल असं धरून चालले होते. हे तर आपल्या एखाद्या लेण्याच्या सभामंडपाहून मोठं. आत कोरडी माती, वर वटवाघळं, त्यांच्या लेंडीचा तिखट वास. पहिल्या अर्ध्या तासानंतर नाकाला सवय होते. ताडपत्री, त्यावर पातळ चटई आणि स्लीपिंग बॅग. ओढ्यावर अंग धुतलं, कोरडे कपडे चढवले. रात्रीचे कपडे वेगळ्या पिशवीत घट्ट बांधून ठेवा, कितीही मोह झाला तरी ते चालताना वापरायचे नाहीत. सकाळी पुन्हा तेच ओले, गार, वास मारणारे कपडे चढवणं ही सगळ्या सहलीतली सर्वांत हिमतीची गोष्ट.

बायकांसाठी स्पष्ट लिहिते, कारण हे कुणी लिहीत नाही. संडास नाही. अबांगने दिशा वाटून दिल्या, बायका डावीकडे, पुरुष उजवीकडे. छोटं खुरपं त्याच्याकडे होतं. कागद आणि पॅड सगळं परत आणायचं असतं, त्यासाठी दुहेरी झिप पिशव्या आणि आतमध्ये थोडी चहाची कोरडी भुकटी, वास येत नाही. माझी तारीख नेमकी तिथेच आली. काहीही अडलं नाही. अंधारात एकटीने जायचं नाही, एवढंच. भाचीला उठवायचं, तिनेही मला दोनदा उठवलं.

जेवणात भात, कोबी-गाजराची भाजी आणि ज्यांना चालतं त्यांना डब्यातले मासे. शाकाहारी असाल तर बुकिंग करताना सांगा, निघायच्या सकाळी पुन्हा सांगा आणि तरीही स्वतःचं काहीतरी ठेवा. आमचं मेतकूट निघालं. गरम भात, मेतकूट, वर लसणाची चटणी. अंकलनी तीनदा घेतलं. अबांगने एक चमचा चाखून बराच वेळ विचार केला आणि म्हणाला, “काक, हे विकता का?”

नऊ वाजता मेणबत्त्या विझवल्या. मग जो अंधार आला तसा मी लहानपणी चिपळूणलाही बघितला नव्हता. डोळे उघडे ठेवले काय, मिटले काय, सारखंच. बाहेर पाऊस सुरू झाला, आधी वर पानांवर आणि कितीतरी वेळाने खाली जमिनीवर. मला झोप लागेना. उगाच आलो असं वाटलं. बहिणीला काय सांगू, इथे काही झालं तर होडी सकाळीच, फोनला रेंज नाही, असले हिशेब सुरू झाले. भाची माझ्या बॅगेला चिकटून झोपली होती, वीस वर्षांची बाई, पण पाच वर्षांची असताना झोपायची तशी.

दोनच्या सुमाराला खडखड आवाज आला. बांगड्यांनी भरलेला डबा कुणीतरी हळूच हलवावा तसा. मग थांबला. मग अगदी जवळ. मी भाचीला चिमटा काढला. अबांगने टॉर्चवर हात धरून नुसता लालसर उजेड टाकला. भांड्यांजवळ साळिंदर होतं! एक नाही, दोन. काटे खुळखुळवत, शांतपणे, घर त्यांचंच असल्यासारखी त्यांनी जमीन हुंगली, सांडलेली भाताची शितं टिपली आणि निघून गेली. चार मिनिटं असेल. भाची कानात म्हणाली, “मावशी, रडतेयस का?” घाम होता, असं मी सांगितलं. त्यानंतर मी उजाडेपर्यंत गाढ झोपले.

तिथे जूनमध्ये सात वाजता उजाडतं. पाव, अंडी, चहा घेऊन आठला निघालो. कुआला त्रेंगानच्या घाटापर्यंत पाच-सहा तास. रात्रीच्या पावसाने जळवांची जत्रा भरली होती. आणि पहिल्याच ओढ्यानंतर माझ्या डाव्या बुटाचा तळ निघाला. अर्धा नाही, पूर्ण. जिभेसारखा लोंबू लागला. चार वर्षं माळ्यावर ठेवलेले बूट होते. वरून नवे दिसतात, पण आतला गोंद आणि फेस दमटपणात विरघळतो, हे मला नंतर कळलं. अबांग काही बोलला नाही. खिशातून नायलॉनची दोरी काढली, बुटाला आडवे-उभे वेढे घातले आणि स्वतःच्या गावठी आदिदासकडे एकदा बघितलं, बस्स. दर अर्ध्या तासाला दोरी झिजायची, तो वाकून नवी बांधायचा. तासाभराने उजवा तळही गेला. अंकल म्हणाले, आता निदान दोन्ही पाय सारखे झाले. जुने बूट नेणार असाल तर महिनाभर आधी पावसात घालून हिंडा. नाही तर सरळ जेरांतुतला १२ रिंगिट मोजा.

उतारावर गुडघ्याने मान टाकली होती, तिथे भाचीने माझी पिशवी घेतली. मी नको म्हटलं नाही.

दोन वाजता नदी दिसली. होडीने चाळीस मिनिटांत कुआला ताहान. आधी परत आल्याची नोंद, मग मोजणी. बाटल्या चार, पिशव्या आठ. एक कमी! अबांगचा चेहरा पहिल्यांदा गंभीर झाला. सगळ्या पिशव्या उलट्या केल्या, अंकलनी खिसे झटकले. ती पिशवी निघाली माझ्या बुटात. तळ गेल्यावर मोजा भिजू नये म्हणून मीच पायाला गुंडाळली होती.

खर्चाचं सांगते. विमान २४,३००. जंगलाची सहल ३०० रिंगिट, म्हणजे सहा हजार. पाच रात्रींच्या खोल्या निम्म्या-निम्म्या वाटून साडेपाच हजार. बस, व्हॅन, होड्या मिळून साधारण अडीच हजार. जेवण, विमा, लीच सॉक्स आणि किरकोळ धरून माणशी ४५ हजारांच्या आसपास गेले. गाईडला वेगळी बक्षिसी द्या. आम्ही चौघांनी मिळून १०० रिंगिट दिले, आणि उरलेलं मेतकूट. जायचं तर मार्च ते सप्टेंबर. नोव्हेंबर ते फेब्रुवारी तिथला मोठा पाऊस असतो, नदी वाढते. मलेशियातल्या शाळांच्या सुट्ट्या टाळा, खोल्या मिळत नाहीत. आणि एकटे असाल तरी घाबरू नका, तराफ्यावर चहा घेत बसा, व्हॅन येत राहतात.

२३ तारखेला जेरांतुतमध्ये मुक्काम केला. सकाळी आधी ते काळे रबरी बूट विकत घेतले, जुने खोलीतल्या कचऱ्याच्या डब्यात ठेवले आणि बस स्थानकाकडे निघालो. दोनशे पावलं गेलो नसू, तोच मागून हाका. लॉजवरची बाई धावत येत होती, एका हातात माझे बूट, चिखल पुसलेला, अबांगची दोरी अजून तशीच बांधलेली.

“काक! कासुत, कासुत!”

कासुत म्हणजे बूट. मी आभार मानले आणि दोन्ही हातांनी घेतले.

भाची मला बसमध्ये तासभर विचारत होती, आता ते पुण्याला नेणार आहेस का.